कावेरीकाठचा ताळेबंद

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचे उत्तुंग शिखर पाहण्यासाठी प्रवासी मान वर करतो, आणि नेमक्या त्याच कारणाने, डोळ्यांसमोर असलेली एक नवलाची गोष्ट बहुधा त्याच्या नजरेतून सुटते. मंदिराच्या जोत्यावर आणि भिंतींवर तमिळ अक्षरांच्या ओळीच्या ओळी कोरलेल्या आहेत. त्यांत स्तुतीही आहे. परंतु फार मोठा भाग हिशेबाचा आहे. राजराज चोळाने आपल्या कारकीर्दीच्या सव्विसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. १०१० च्या सुमारास, स्वतः दिलेली, आपली वडील बहीण कुंदवै हिने दिलेली आणि राण्यांनी व इतरांनी दिलेली दाने दगडावर नोंदवून ठेवण्याची आज्ञा केली. सोने 'आडवल्लान' नावाच्या वजनाने तोलले, रत्ने 'दक्षिणमेरुविटंकन' नावाच्या वेगळ्या वजनाने तोलली, हेही तेथे लिहिले आहे. एका नंदादीपासाठी ९६ मेंढ्या धनगराच्या स्वाधीन करावयाच्या आणि त्याने रोज एक उळक्कु भरून तूप आणून द्यावयाचे, असा करार आहे. रोकड रक्कम कोठारात पडून न ठेवता ती ग्रामसभांना व्याजाने दिली होती. व्याजाचा दर वर्षाला एक अष्टमांश, म्हणजे शेकडा साडेबारा. कोणत्या गावाकडे किती मुद्दल आणि त्याने दर वर्षी काय भरावयाचे, हे सर्व त्या भिंतीवर उघड आहे.

मराठी माणसाला ह्या मंदिराचा आणखी एक जिव्हाळा आहे. ह्याच आवारात सरफोजी महाराजांच्या काळी, १८०३ साली, भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. आणि तंजावरच्या राजवाड्यातील दफ्तराचे मोडी कागद आजही तेथील अभ्यासकांना पुरून उरत आहेत. हिशेब लिहून ठेवण्याची आवड कावेरीकाठाला पुरातन काळापासून आहे, आणि तीत मराठी लेखणीचाही वाटा आहे.

हिशेब लिहून ठेवणे ही एक गोष्ट आणि तो चारचौघांपुढे मांडणे ही दुसरी. आज कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावांत शेतकऱ्यांनीच काढलेल्या कंपन्या उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांना आपला वार्षिक हिशेब दर वर्षी संगणकाच्या मार्गाने सरकारी निबंधकाकडे दाखल करावा लागतो. पुष्कळांना हा नियम म्हणजे शहरातल्या भांडवलदारांसाठी घडविलेला जोडा खेड्यातल्या पायात घालण्याचा प्रकार वाटतो. हा समज कितपत बरोबर आहे, हे पाहण्यासाठी प्रथम ह्या कंपन्यांचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे.

कल्लणै ह्या प्राचीन बंधाऱ्यापासून कावेरीचे पाणी अनेक फाट्यांनी पसरते. वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टि, अरसलारु अशा नद्यांच्या आणि त्यांच्या कालव्यांच्या जाळ्यात तिरुवैयारु, पापनाशम्, कुंभकोणम् ह्या भागांतील भातशेती वसली आहे. दक्षिणेकडे पट्टुक्कोट्टै आणि पेरावूरणी ह्या बाजूंना नारळाच्या बागा लागतात. येथील बहुसंख्य शेतकरी लहान जमिनीचे. एकट्याने बी घेतले तर ते महाग पडते, एकट्याने भात विकले तर भाव व्यापाऱ्याच्या तोंडी राहतो. सहकारी संस्था हा त्यावरचा जुना उपाय. २००३ साली त्याच्या जोडीला दुसरा उपाय आला. अर्थतज्ज्ञ योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशीवरून कंपनी कायद्यात 'उत्पादक कंपनी' हा नवा प्रकार घालण्यात आला. दहा किंवा अधिक शेतकऱ्यांनी एकत्र यावे, भाग विकत घ्यावेत, किमान पाच संचालक निवडावेत. मात्र भाग कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच. सहकाराचा आत्मा आणि कंपनीचे शरीर असे ह्या प्रकाराचे वर्णन करावयास हरकत नाही. महाराष्ट्रात अशा कंपन्या फार मोठ्या संख्येने निघाल्या; नाशिक जिल्ह्यातील मोहाडीची 'सह्याद्री' हे त्यांपैकी सर्वांच्या परिचयाचे नाव. २०२० साली केंद्र सरकारने देशभर १०,००० शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना जाहीर केली, आणि सपाटीच्या प्रदेशात अशा संघटनेत किमान ३०० सभासद असावेत, अशी अट घातली. तीन वर्षांपर्यंत आणि जास्तीत जास्त १८ लाख रुपयांपर्यंत मदत मिळावी, तीत व्यवस्थापकाच्या व हिशेबनिसाच्या पगाराचाही समावेश असावा, असे ठरले.

कंपनी ही वस्तू त्रिभुज प्रदेशाला तशी नवखी नाही. कुंभकोणम् येथे १९०४ साली निघालेली कुंभकोणम् बँक पुढे सिटी युनियन बँक ह्या नावाने देशभर पसरली. तथापि ती पेढी भांडवल असणाऱ्यांची होती. ज्याच्या अंगाला चिखल लागलेला आहे अशा माणसाने भागधारक व्हावे, ही गोष्ट मात्र नवी आहे.

आता मुख्य प्रश्न असा की, कंपनीने आपला हिशेब परक्यांना का दाखवावा? गावातला किराणा दुकानदार आपली खतावणी कोणाला दाखवीत नाही, आणि कोणी ती मागतही नाही. ह्याचे कारण असे की दुकान बुडाले तर देणेकरी दुकानदाराचे घर, जमीन, दागिने ह्यांपर्यंत पोचू शकतो. त्याची सारी मालमत्ता हेच त्याच्या शब्दाचे तारण असते. मर्यादित जबाबदारीच्या कंपनीचे तसे नसते. ती बुडाली तर सभासदाची भागाची रक्कम जाते. त्याचे शेत आणि घर वाचते. इंग्लंडमध्ये १८५५ साली आणि हिंदुस्थानात १८५७ साली कायद्याने ही सवलत दिली. परंतु सवलत म्हटली की तिची किंमतही आलीच. कंपनीला उधारीवर खत देणाऱ्याला, कर्ज देणाऱ्या बँकेला आणि भाग घेणाऱ्या नव्या सभासदाला कोणाच्या घरादाराचा आधार उरत नाही. मग त्याने विसंबावे कशावर? कंपनीच्या खऱ्या स्थितीवर. ती स्थिती त्याला कळली पाहिजे. म्हणून ताळेबंद आणि नफा-तोट्याचे पत्रक दर वर्षी सरकारी निबंधकाकडे ठेवावे आणि ते कोणालाही पाहता यावे, असा दंडक पडला. घराचे दार बंद ठेवण्याचा हक्क हवा असेल, तर दुकानाची खिडकी उघडी ठेवली पाहिजे, असा हा सौदा आहे. ३०० शेतकऱ्यांची जमीन ज्या कायद्याने वाचते, त्याच कायद्याने त्यांच्या हिशेबाला उजेडात आणले आहे.

ह्या सौद्याचे वेळापत्रक ठरलेले आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. त्यानंतर लेखापरीक्षकाने हिशेब तपासावयाचा, संचालकांनी तो मान्य करावयाचा, आणि सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावयाचा. सभा झाल्यापासून ३० दिवसांत आर्थिक पत्रके 'एओसी-४' ह्या नमुन्यात, आणि ६० दिवसांत वार्षिक विवरण 'एमजीटी-७' ह्या मालिकेतील नमुन्यात दाखल करावयाचे, हा सर्वसाधारण नियम. उत्पादक कंपन्यांसाठी असलेल्या विशेष प्रकरणात सभेचा वृत्तान्त, संचालकांचा अहवाल आणि तपासलेला ताळेबंद ६० दिवसांत पाठवावा, असे म्हटले आहे. सावध संचालक मात्र लहान मुदतच डोळ्यांपुढे ठेवतो.

हे वेळापत्रक कागदावर सोपे दिसते. कावेरीकाठी त्याची गाठ दुसऱ्या एका वेळापत्रकाशी पडते. मेट्टूर धरणाचे पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून. त्या पाण्यावर 'कुरुवै' हे आखूड मुदतीचे भात लावले जाते. त्याची कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरात येते. त्याच सुमारास 'सांबा' ह्या मुख्य पिकाची लावणी चालू असते, आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ईशान्य मोसमी पाऊस दारात उभा राहतो. खरेदी केंद्राच्या अंगणात भाताच्या राशी उघड्यावर पडलेल्या असतात आणि शेतकऱ्याचे लक्ष आभाळाकडे लागलेले असते. नेमक्या ह्याच आठवड्यांत सभा भरवावयाची आणि विवरणे दाखल करावयाची. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी 'गज' चक्रीवादळाने पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी आणि ओरत्तनाडु ह्या बाजूंच्या नारळबागा आडव्या केल्या, तेव्हाही हाच हंगाम चालू होता. त्या वर्षी आर्थिक पत्रकांची मुदत सगळ्या देशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत आधीच वाढविलेली होती, हा निव्वळ योगायोग. वादळ दर वेळी असा योगायोग पाहून येत नाही.

दाखल करण्याची पद्धत गेल्या वीस वर्षांत पार पालटली. पूर्वी कागदांचे जुडगे निबंधकाच्या कचेरीत नेऊन द्यावे लागे. तंजावर जिल्ह्याचा निबंधक चेन्नईस. म्हणजे सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास, आणि तेथे कागद एकदा फडताळात गेला की तो पुन्हा पाहण्यासाठी तितकाच प्रवास. २००६ साली कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाने 'एमसीए-२१' ही संगणकीय व्यवस्था सुरू केली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून ह्याच मार्गाने विवरणे दाखल करणे सक्तीचे झाले. २०११ पासून मोठ्या कंपन्यांना प्रत्येक आकड्याला यंत्राला वाचता येईल अशी खूणचिठ्ठी जोडून ताळेबंद द्यावा लागतो. लहान कंपन्यांना ती सक्ती नाही. जुलै २०२५ पासून वार्षिक हिशेबाचे नमुने नव्या संकेतस्थळावरच भरावयाचे झाले. हिशेबाच्या वह्यांनाही हा बदल चुकला नाही. ज्या कंपन्या संगणकावर हिशेब लिहितात, त्यांच्या आज्ञावलीत कोणती नोंद कधी बदलली ह्याचा माग आपोआप राहिला पाहिजे, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहे. खाडाखोड करून पान फाडण्याची जुनी युक्ती तेथे चालू नये, हा त्याचा हेतू.

प्रत्यक्ष दाखल करताना संचालकाला शाईची सही करता येत नाही. त्याच्या नावाने दिलेली डिजिटल स्वाक्षरी लागते. ती बोटाएवढ्या एका उपकरणात साठविलेली असते. ते संगणकाला जोडून सांकेतिक शब्द दिला की कागदावर सही झाली, असे कायदा मानतो. ती सही खरीखुरी सही आहे, आणि तिच्याखालील प्रत्येक आकड्याची जबाबदारी त्या संचालकावर पडते. शेतात राबणारा संचालक ते उपकरण जवळ बाळगण्याऐवजी शहरातल्या हिशेबनिसाच्या कपाटात ठेवून येतो, ही सवय पडणे अगदी सोपे आहे. परंतु कोरा स्टॅम्पपेपर सही करून दुसऱ्याच्या हाती देण्यात जो धोका आहे, तोच ह्यात आहे.

आणि दाखल केलेच नाही तर? १ जुलै २०१८ पासून विलंबाबद्दल प्रत्येक नमुन्यामागे दर दिवसाला १०० रुपये जादा शुल्क पडते, आणि त्याला वरची मर्यादा नाही. ह्याचा अर्थ एका साध्या उदाहरणाने कळेल. ३०० सभासदांनी प्रत्येकी १,००० रुपयांचे भाग घेतले, तर कंपनीचे भांडवल ३ लाख रुपये. दोन नमुने एक वर्ष उशिरा दाखल झाले, तर ३६५ दिवसांचे, दर दिवसाला २०० रुपयांप्रमाणे, ७३,००० रुपये होतात. म्हणजे भांडवलाचा जवळजवळ चौथा हिस्सा केवळ विसरण्यात गेला. कायद्यातील दंड ह्याहून निराळा. सतत तीन वर्षे आर्थिक पत्रके किंवा वार्षिक विवरणे दाखल झाली नाहीत, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. २०१७ साली सरकारने देशभरातील दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढून टाकली आणि लक्षावधी संचालकांना अपात्र ठरविले. हा बडगा प्रामुख्याने केवळ नावापुरत्या असलेल्या कंपन्यांवर उगारलेला होता. पण त्याच्या आवाक्यात निष्काळजी आणि अजाण लोकही आले. मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ साली त्याच्यापुढे आलेल्या संचालकांची अपात्रता रद्द केली. नव्या कायद्याची तरतूद मागल्या काळाला लावता येणार नाही, असे त्याचे म्हणणे पडले. तथापि पुढच्या वर्षांसाठी नियम कायम आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. सरकारी योजनेतून हिशेबनिसाचा पगार तीन वर्षे मिळतो. चौथ्या वर्षी तो कंपनीला आपल्या कमाईतून द्यावा लागतो. ज्या वर्षी मदत थांबते त्याच वर्षी हिशेबनीस गेला, तर विवरणे थांबतात. आणि विवरणे थांबल्याची खबर गावाला लागते ती बँक कर्ज नाकारते तेव्हा. व्यापारात तोटा येऊन कंपनी बुडणे समजण्यासारखे आहे. भात चांगले विकले, सभासदांना पैसे मिळाले, आणि तरीही कागद न गेल्यामुळे कंपनी कायद्याच्या दृष्टीने अडचणीत आली, तर ते दुःख मोठे म्हटले पाहिजे. म्हणून पहिल्या तीन वर्षांतच हिशेबाच्या खर्चाची तरतूद बियाण्याच्या खर्चाइतकीच आवश्यक मानली पाहिजे.

ह्या पद्धतीचा लाभही तितकाच खरा आहे. आज कोणीही १०० रुपये शुल्क भरून कंपनीने दाखल केलेले कागद संकेतस्थळावर पाहू शकतो. पापनाशम् तालुक्यातील सभासद, कुंभकोणमचा खतविक्रेता आणि चेन्नईचा बँक अधिकारी ह्या तिघांना एकच ताळेबंद दिसतो. संचालकाने एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा आकडा सांगण्याची सोय राहत नाही. नियमाने हिशेब देणाऱ्या कंपनीला हीच गोष्ट पतीचे साधन ठरते; कारण जिच्याजवळ तारण थोडे, तिला स्वच्छ वह्यांवाचून दुसरे भांडवल नाही.

परंतु दिसणे म्हणजे समजणे नव्हे. भात मोजणारा माणूस हिशेब तमिळमध्ये ठेवतो. त्याला तेथे 'कणक्कु' म्हणतात. निबंधकाकडे जाणारी पत्रके इंग्रजीत. ह्या दोहोंच्या मध्ये शहरातला जाणकार बसलेला असतो. त्रिभुज प्रदेशाने असा एक मध्यस्थ पूर्वी पाहिलेला आहे. गावच्या जमिनीचे दफ्तर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारा 'कर्णम्' हा आपल्याकडील कुळकर्ण्याचाच भाऊ. त्याच्या वहीत काय लिहिले आहे हे त्याच्यावाचून फारशा कोणाला कळत नसे, आणि त्याचे वजन त्याच अज्ञानावर उभे होते. तमिळनाडूने १९८० साली ही वंशपरंपरागत वतने बंद केली. वही जाऊन पडदा आला, पण पडद्यावरची अक्षरे एकट्यालाच वाचता येत असतील, तर गावाला कर्णम् पुन्हा मिळाला असेच म्हणावे लागेल. फरक इतकाच की तो आता तालुक्याच्या गावी राहतो.

ह्यावरचा उपाय नवा शोधण्याची गरज नाही. तो कायद्यातच आहे. उत्पादक कंपनीच्या वार्षिक सभेची सूचना किमान १४ दिवस आधी प्रत्येक सभासदाला गेली पाहिजे, आणि तिच्यासोबत मागील सभेचा वृत्तान्त, तपासलेला ताळेबंद, नफा-तोट्याचे पत्रक आणि संचालकांचा अहवाल जोडला पाहिजे. एकूण सभासदांपैकी किमान एक चतुर्थांश सभासद हजर असल्यावाचून सभेची गणपूर्ती होत नाही. ३०० सभासद असतील, तर ७५ शेतकऱ्यांसमोर हिशेब ठेवला गेलाच पाहिजे. संगणकावर पाठविणे ही ह्या क्रमातील शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. ती पहिली समजून सभेचा वृत्तान्त मागाहून लिहून काढला, तर निबंधकाचे समाधान होईल, पण नियमाचा उद्देश फसेल.

म्हणून ज्या गावात सभा देवळाच्या मंडपात किंवा शाळेच्या ओसरीवर भरते, तेथे ताळेबंद तमिळमध्ये मोठ्याने वाचून दाखविणे, किती भात घेतले, कोणत्या भावाने विकले, कोणाकडे किती येणे राहिले, हे फळ्यावर लिहिणे, ह्याचे मोल संकेतस्थळावरच्या पावतीपेक्षा उणे नाही. चार आकडे पुरेत: गोळा झालेले भांडवल, वर्षाची विक्री, राहिलेले देणे आणि सभासदाच्या वाट्याला आलेला लाभ. हे चार आकडे ज्याला पाठ आहेत तो सभासद पाचवा प्रश्न आपोआप विचारतो. असा प्रश्न विचारणारे सभासद ज्या कंपनीत आहेत, तिच्या संचालकाला आपली डिजिटल स्वाक्षरी दुसऱ्याच्या कपाटात ठेवण्याचा मोह सहसा होत नाही.

राजराजाच्या काळी भिंतीवरची अक्षरे वाचू शकणारे लोक थोडेच असतील. पण तूप आणणाऱ्या धनगराला आपल्याकडे ९६ मेंढ्या आहेत हे ठाऊक होते, आणि व्याज भरणाऱ्या ग्रामसभेला आपले मुद्दल ठाऊक होते. दगडावरचा आकडा आणि माणसाच्या मनातला आकडा एकच होता. त्या लेखाचे बळ त्यात होते. आज दगडाची जागा पडद्याने घेतली आहे. कावेरीकाठच्या शेतकऱ्याच्या मनातला आकडा आणि पडद्यावरचा आकडा एक झाला, की वार्षिक हिशेब खऱ्या अर्थाने दाखल झाला असे समजावे.